डावा पाय स्वल्पविराम, उजवा पूर्णविराम

विमान चालवायला पाय लागतात, हे मला विशालनं सांगितलं. तेही हसत हसत, माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच विद्यार्थ्यांपुढं.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. बारामतीत भिगवण रोडला रावजी सरांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथं शिकवायला होते. सकाळी टायपिंग, दुपारी वर्ड, संध्याकाळी एमआयडीसीतून सुटलेल्या लोकांची टॅलीची बॅच. पोरं मला मनिषा मॅडम म्हणायची आणि घाबरायची, कारण माझं तोंड तिखट आहे. ते तसं ठेवावं लागतं. लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय नेला आणि उजवा अर्धा सोडला. डाव्याला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, काखेत कुबडी. समोरचा कीव करायच्या आत त्याला दोन शब्द सुनावले की तो आपोआप सरळ होतो, हा माझा अनुभव आहे.

एमआयडीसीच्या माळावर तेव्हा धावपट्टी झाली होती आणि विमान शिकणारी पोरं लहानसं विमान घेऊन आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायची. घरघर ऐकू आली की सगळा वर्ग टायपिंग टाकून बाहेर पळायचा. मी कुबडी सावरून दारापर्यंत पोचेपर्यंत विमान गेलेलं असायचं. पोरं आत येताना मी बाहेर, असं नेहमीच. मग मी त्यांनाच ओरडायची.

पण माझं स्वतःचं विमान होतं. सरांच्या भाच्यानं पुण्याहून एका गेमची सीडी आणली होती, दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवायची. क्लास सुटला की मी त्या खुर्चीत बसायची. पडद्यावर विमानाची काच, आणि काचेखाली काट्यांची रांग. वेगाचा काटा. उंचीचे दोन काटे, घड्याळासारखे, एक लहान एक मोठा. विमान कुठल्या बाजूला वळतंय ते दाखवणारा एक उभा काटा, आणि त्याच्याखाली वाकड्या नळीत एक काळी गोटी. मी आयुष्यात सायकल चालवली नाही, कुणाला पळून शिवलं नाही, बसमध्ये पळत जाऊन जागा धरली नाही. जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायची काठी, हातात आली की मी ढगात असायची आणि माझ्यापेक्षा हळू चालणारे सगळे खाली असायचे. या सुखाला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. सुखच होतं ते.

आता ती जॉयस्टिक. रावजी सरांचा दुसरा क्लास इंदापूरला होता, आणि दोन्ही क्लास मिळून जॉयस्टिक एकच. एक आठवडा बारामतीला, एक आठवडा इंदापूरला. एसटीच्या कंडक्टरच्या सीटखाली, पिशवीत घालून ती ये-जा करायची. इंदापूरला शिकवायला विशाल होता. कळंबचा, बागायतदाराचा मुलगा. घरी ढोबळी मिरची, डाळिंब आणि दोन ट्रॅक्टर. तोही हाच गेम खेळायचा. पिशवी माझ्याकडं आली की जॉयस्टिकला मिरचीच्या औषधाचा वास यायचा आणि मी ती आधी पुसून घ्यायची.

एसटीच्या धक्क्यांनी जॉयस्टिक बुडातून डगडगायला लागली. एके दिवशी सरांनी विशालला बारामतीला बोलावलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"हे आता बास. आता ही काठी एकाच जागी राहणार. कुठं, ते तुमी दोघं ठरवा."

"कुस्ती लावू," विशाल म्हणाला. "जिंकंल त्याची काठी. काय मॅडम?"

"लावा की," मी म्हणाले. त्याशिवाय दुसरं काही म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं.

मग अटी ठरायला लागल्या. त्या गेममध्ये रिअ‍ॅलिझमची एक पाटी होती. सर तिला खरेपणा म्हणायचे. गोळ्या मोजक्या हव्यात की न संपणाऱ्या, मार लागला की विमान मोडायचं की नाही, बाहेरून बघायचं की आत बसून, असं एकेक विचारून शेवटी ती पाटी तुमचा खरेपणा किती टक्के ते सांगायची. विशालनं माझ्या कॉम्प्युटरवरची पाटी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पायाचं काम कॉम्प्युटरनं करावं, ही ती ओळ. माझ्याकडं ती चालू होती.

"आरं तिच्या! पायाचं काम कॉम्प्युटर करतोय व्हय? मग उडवतंय कोण?" तो मागं वळून पोरांकडं बघत हसला. "विमानाला पाय लागत्यात, मॅडम!"

दोन पोरं हसली. मग कुणीतरी त्यांना कोपर मारलं असावं, कारण एकदम सगळं गप्प झालं. विशालची नजर माझ्या कॅलिपरवर गेली आणि त्याचा चेहरा पडला. पण तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येत नाही, आणि त्यानं घ्यायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"खरेपणा शंभर टक्के," मी म्हणाले. "एक टक्कासुद्धा कमी नको. पुढच्या रविवारी. दोघांपैकी एक खाली जाईपर्यंत."

तो गेल्यावर मी ती ओळ बंद केली आणि खेळायला बसले. बसले आणि पडले. विमान वळवलं की नाक एकीकडं आणि विमान दुसरीकडं. गोटी नळीच्या टोकाला जाऊन बसायची. गोटी डावीकडं गेली की डावा पाय दाबायचा, उजवीकडं गेली की उजवा, म्हणजे ती मधोमध येते आणि विमान सरळ चालतं, एवढं मला सीडीबरोबरच्या झेरॉक्समधून कळलं. पण पाय आणायचे कुठून? ते त्याच झेरॉक्समध्ये पुढच्या ओळीत होतं. कीबोर्डवर डाव्या पायासाठी स्वल्पविरामाचं बटण, उजव्या पायासाठी पूर्णविरामाचं.

मी एकटीच मोठ्यानं हसले. टायपिंग शिकवणाऱ्या बाईला देवानं यापेक्षा चांगले पाय कुठले दिले असते? न बघता, झोपेतसुद्धा ही दोन बटणं मला सापडतात. मी कीबोर्ड डाव्या हाताशी स्टुलावर ठेवला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवायची सवय होती ती मोडून उजव्या हातात काठी धरली, आणि आठवडाभर पोरांना वर्डमधली पत्रं टाइप करायला लावून स्वतः विमान पाडत राहिले.

पडणं हा माझा जुना विषय आहे. गेममध्ये वेग फार कमी झाला की विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. पहिल्यांदा मी काठी जिवाच्या आकांतानं ओढून धरायची, तशी ते आणखी फिरायचं. मग एका दुपारी क्लासच्या पायरीवर माझी कुबडी घसरली आणि मी पडले, नेहमीसारखी. कोपर शाबूत, डोकं शाबूत. उठताना माझ्या लक्षात आलं की पडताना मी पहिल्यांदा काय केलं. कुबडी सोडली. लहानपणापासून तेच करते. तोल गेला की जे हातात आहे ते सोडायचं. धरून ठेवलं की मनगट मोडतं. तशीच धुळीनं भरलेली आत गेले, विमान मुद्दाम पाडलं, आणि या वेळी काठी ओढली नाही, सैल सोडली. इंजिन कमी केलं. उभा काटा ज्या बाजूला झुकला होता, त्याच्या उलट पाय दाबला. गोटीकडं बघायचंच नाही, कारण भोवऱ्यात गोटी खोटं बोलते. काटा तेवढा खरं सांगतो. विमान दोन गिरक्यांत थांबलं, नाक खाली करून सुसाट निघालं, आणि मी ते हळूच वर घेतलं. मला रडू आलं. मग मी ते पुन्हा केलं, पुन्हा पुन्हा केलं.

रविवारी क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इंदापूरहून विशालची मित्रमंडळी जीपनं आली होती. माझ्या टॅलीच्या बॅचमधले लोक मोटरसायकली लावून खिडकीत उभे. आणि कोऱ्हाळ्याहून माझा आजा, म्हस्कू आबा, खांद्यावर घोंगडं टाकून आला होता. उभं आयुष्य मेंढरांमागं काढलेला माणूस. मी घरी कुस्ती आहे एवढंच बोलले होते, आणि कुस्तीचं नाव काढलं की आबा घरी थांबत नाही. सरांनी त्याला मधली खुर्ची दिली.

"आखाडा कुटं हाय?" आबानं विचारलं.

"ह्या टीव्हीत, आबा," मी म्हणाले. "विमानांची कुस्ती. जो खाली गेला तो हरला."

"बरं बरं," आबा म्हणाला, आणि काहीही नवल वाटू न देता बसला.

विशालनं गोणीतून एक फळी काढली, आणि खरं सांगते, मला त्याचं कौतुक वाटलं. जुन्या ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक त्यानं फळीवर ठोकले होते. प्रत्येक ब्रेकखाली दारावरच्या बेलचं बटण, आणि तिथून वायर एका फोडलेल्या कीबोर्डात, स्वल्पविरामाला आणि पूर्णविरामाला. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. शेताच्या कडेला वळताना डावा दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी डावीकडं फिरतो. त्याचे पाय लहानपणापासून यात मुरलेले. त्यानं चपला काढल्या, पाय ठेवले, टक्, टक् असा आवाज काढून बघितला.

"तुमचं कुटंय, मॅडम?"

मी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. इंदापूरची पोरं हसली. विशाल या वेळी हसला नाही.

दोन्ही कॉम्प्युटर एका केबलनं जोडले होते, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. जॉयस्टिक एकच, म्हणून सरांनी जिल्हाभर फिरून कुणाची तरी दुसरी उसनी आणली होती. कुठली कुणाला, ते नाणं उडवून ठरलं, आणि आमची डगडगणारी मला आली. सर म्हणाले, "चालू."

पहिल्याच वळणात मला कळलं की विशाल माझ्यापेक्षा चांगला आहे. उगाच खोटं कशाला सांगू? त्याचे पाय हातांच्या आधी चालत होते. मी वळतेय तोवर तो माझ्या मागं आला. माझ्या विमानावर गारा पडल्यासारखा आवाज झाला, समोरची काच तडकली, आणि वेगाच्या काट्यानं मान टाकली. शून्यावर. खरेपणा शंभर टक्के म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. विमान पळत होतं पण किती, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"लागली! लागली!" इंदापूरची पोरं ओरडली.

"आरं, कुनाला लागली?" आबा विचारत होता.

मला एकच सुचलं. वर ढगांचा थर होता. काठी ओढली आणि नाक वर करून ढगात घुसले. काच पांढरी झाली. आभाळ नाही, जमीन नाही, काही नाही. मागून विशालही घुसला, कारण तो मागं हटणारा गडी नाही. आणि वेग बघायला काटाच नसल्यामुळं मी चढत राहिले, चढतच राहिले, जरुरीपेक्षा जास्त. यात माझी काही चाल नव्हती. काठी हातात एकदम हलकी झाली, नाक कोसळलं, आणि माझं विमान भोवऱ्यात पडलं.

तेवढ्यात आडोशापलीकडून विशालचा आवाज आला, "आयला!" माझ्या मागं मागं तितकंच उभं चढून त्याचंही तेच झालं होतं.

आम्ही दोघं एकाच ढगातून गिरक्या घेत खाली येत होतो. कोण कुठं फिरतंय हे बाहेर बघून कळण्यासारखं नव्हतं. बाहेर पिठासारखं पांढरं. माझे हात शांत होते. हातांना हे ठाऊक होतं. सोडली काठी. इंजिन कमी. काटा बघ, मनिषा, गोटी नको, काटा. काटा डावीकडं झुकलेला. म्हणजे उजवा पाय. मी पूर्णविराम दाबला आणि दाबून धरला.

आणि त्याच वेळी पलीकडून आवाज आला, टक्‌टक्! दोन्ही बटणं एकदम. सगळ्या खोलीनं ऐकलं. पुन्हा टक्‌टक्! विशाल दोन्ही पायांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून, ब्रेक दाबत होता.

त्याला हसू नका. आमच्या भागात ट्रॅक्टर चालवणारा कुणीही हेच करील. ट्रॅक्टर हाताबाहेर गेला की दोन्ही ब्रेक एकदम. हे त्याच्या हाडात बसलेलं असतं. आणि ट्रॅक्टर चालवणारा मीटरकडं कधी बघत नाही, कारण मीटर चालू असलेला ट्रॅक्टर आमच्याकडं मी अजून पाहिलेला नाही. तो समोरच्या तासाकडं, नांगराच्या रेघेकडं, बघतो. विशाल काचेतून तास शोधत होता आणि काचेत नुसता ढग होता. उभा काटा त्याच्या नाकासमोर झुकून सांगत होता, पण त्याला विचारतो कोण! डावा पाय आणि उजवा पाय एकमेकांना खोडत होते आणि विमान आपलं फिरतच होतं.

माझ्या गिरक्या हळू झाल्या. एक. अर्धी. थांबल्या. ढग फाटला आणि खाली हिरवी जमीन, जवळ, फार जवळ, अंगावर येणारी. उंचीचा लहान काटा शून्याला टेकला होता, मोठाही तिकडंच निघाला होता. बोट उचललं. आता काठी ओढायची, पण हळू, घाई केली की पुन्हा भोवरा. ये बाई, ये. झाडं मोठी झाली. नाक वर आलं. गोटी मधोमध. झाडांच्या शेंड्यांवरून मी सरळ निघाले.

पलीकडं जोराचा धडाका झाला.

मग बारामतीची सगळी पोरं एकदम ओरडली आणि खिडकीतल्या लोकांनी मोटरसायकलींचे हॉर्न वाजवले. कुणीतरी माझी खुर्चीच उचलायला निघालं, त्याला मी दटावलं.

इंदापूरचा एकजण पुढं आला. "ह्याला जिंकनं म्हनत्यात व्हय? एक गोळी न्हाय मारली तिनं! ह्यो आपल्या मरणानं मेला!"

"मग ती बी पडतच हुती की!" आमच्यातला एक ओरडला. गलका वाढला. रावजी सर हात वर करून दोन्हीकडच्यांना आवरत होते. आणि गोळी मी मारली नव्हती हे खरंच होतं. जॉयस्टिक माझ्या मुठीत होती आणि मला ती सोडवेना.

तेव्हा म्हस्कू आबा उठला. घोंगडं खांद्यावर सारखं केलं, विशालच्या पडद्यापाशी गेला आणि वाकून बघितलं. शेतात विमान उलटं पडलं होतं, चाकं आभाळाकडं.

"ह्ये कुनाचं?"

"माझं, आबा," विशाल म्हणाला.

"पाठ टेकली का न्हाय?"

विशालनं पडद्याकडं बघितलं. "टेकली."

"दोन्ही खांदं?"

"दोन्ही बी टेकलं, आबा."

"मग झाली कुस्ती," आबा म्हणाला. "डाव कुठला मारला, ह्ये पडल्यावर कोन इचारतंय? माजी नात उभी हाय आन् तू चीत."

माझी नात उभी आहे. हे वाक्य माझ्याबद्दल आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मी खुर्चीत बसलेली होते, डोळे भरून आले होते, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

विशाल आडोशाच्या या बाजूला आला. अनवाणीच. "मॅडम, मी बिरीक दाबलं ओ," तो म्हणाला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागला. "विमानाला बिरीक! दोन्ही पायांनी!" हसता हसता थांबला. "त्या दिवशी पायाचं बोललो, ते चुकलंच माझं."

"चुकलंच," मी म्हणाले. "विमानाला पाय लागतात, हे बरोबर होतं. पण एका वेळी किती लागतात ते तुला माहीत नव्हतं."

त्यानं जॉयस्टिकची वायर कॉम्प्युटरमधून काढायला हात पुढं केला, सवयीनं, पिशवीत घालायला. मग लक्षात येऊन मागं घेतला. सरांनी पिशवीची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

सगळे बाहेर चहाला निघाले. त्या दिवशी मला वाट देण्यासाठी लोक बाजूला झाले म्हणून म्हणा, किंवा मी घाई केली म्हणून म्हणा, मी सगळ्यांच्या आधी पायरीवर होते. कॅलिपरचा खट् खट् आवाज मी एरवी दाबायला बघते. त्या दिवशी वाजू दिला.

आणि माळाच्या बाजूनं घरघर आली. लहानसं पांढरं विमान घरांवरून वळत येत होतं, शेपटी एकीकडं आणि नाक दुसरीकडं, तिरकं घसरत. कुणीतरी नवीन शिकत होतं. पहिल्यांदाच मला ते नाकापासून शेपटीपर्यंत सगळं दिसलं, आणि मला त्याचा असा राग आला, असा राग आला, की मी कुबडी आभाळाकडं रोखून भर भिगवण रोडवर ओरडले,

"अरे ए! गोटी बघ! गोटी मधी घे की!"

आबा मागून म्हणाला, "ऐकू जातंय व्हय त्याला?"

विमान पुढं गेलं, सरळ झालं, आणि माळाकडं उतरायला लागलं.

"गेलं," मी म्हणाले.